गुरुवारची यादी

मेलबर्नमध्ये हिवाळा म्हणजे जून ते ऑगस्ट. आपल्या कोकणात पाऊस धो धो कोसळत असतो, तेव्हा तिकडे माणसे लोकरीचे गळपट्टे गुंडाळून फिरत असतात. या दिवसांत साधारण दर गुरुवारी संध्याकाळी त्या शहरातल्या घराघरात एक यादी वाचली जाते. यादीत 23 नावे असतात. शनिवार-रविवारच्या सामन्यात आपल्या क्लबकडून कोण खेळणार, ते तीत लिहिलेले असते. शिवाय दोन छोटे रकाने असतात, 'आत' आणि 'बाहेर'. गेल्या आठवड्याच्या संघात नसलेला कोण आत आला आणि कोणाला बाहेर काढले, ते त्यांत कळते. या दोन रकान्यांवरून जेवणाच्या टेबलावर जी खडाजंगी होते, ती ऐकून आम्हाला आपल्याकडची निवडणुकीच्या तिकीटवाटपाची रात्र आठवली.

2025 च्या हिवाळ्यात आम्ही उभयता लेकीकडे तीन महिने राहिलो. तिचे घर मेलबर्नच्या पश्चिमेला, टार्नेट या नव्या वस्तीत आहे. तिथे बाजारात उभे राहिले तर पंजाबी, तेलुगू, सोमाली कानावर पडते, आणि मधूनच कुणीतरी मोबाइलवर मराठीत बोलत जाते. लेक-जावई दोघे नोकरीला. नातू दहा वर्षांचा. घरात सगळे क्रिकेटवाले, पण हा पोरगा मात्र तिथल्या 'फुटी'चा, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा वेडा, आणि त्यातही रिचमंड क्लबचा. वर्गातल्या जिवलग मित्राच्या घरचे सगळे रिचमंडचे, म्हणून हाही रिचमंडचा. जावई हसून म्हणतात, "तीन वेळा अजिंक्यपद जिंकलेला क्लब याने निवडला, आणि याने निवडल्या निवडल्या तो हरायला लागला."

क्लब बदल म्हणावे तर ते त्या शहरात चालत नाही. माणूस घर बदलेल, नोकरी बदलेल, पण लहानपणी गळ्यात पडलेला पट्टा मरेपर्यंत तोच. तेव्हा संघ हरत असेल तर चाहत्याच्या हाती उरते काय? गुरुवारची यादी वाचणे आणि तिच्यावर चिडणे.

आधी या खेळाविषयी थोडे सांगायला हवे. हा आपला फुटबॉल नव्हे आणि रग्बीही नव्हे. मैदान क्रिकेटचेच, लंबवर्तुळाकार. चेंडूही लंबगोल. प्रत्येक बाजूचे 18 खेळाडू मैदानात असतात, बाकीचे बदली म्हणून बाकावर. दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथेने मारला तर सहा गुण, बाजूच्या खांबांतून गेला तर एक. चेंडू हाताने फेकायचा नाही. एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसून साथीदाराकडे द्यायचा. उंच उडी मारून चेंडू झेलला की त्याला 'मार्क' म्हणतात. मग थोडी उसंत मिळते, अंगावर कुणी येत नाही. असे चार डाव. खेळाडू दोन-अडीच तासांत मैलोन् मैल धावतात आणि अंगावर ना शिरस्त्राण, ना खांद्याला पॅड. या खेळाचे नियम मेलबर्नमध्येच 1859 मध्ये लिहिले गेले. क्रिकेटपटूंचे अंग हिवाळ्यात आळसावू नये, हाही त्यामागे एक हेतू होता.

सामने होतात ते मैदान आपल्या वाचकांच्या ओळखीचे आहे. मेलबर्न क्रिकेट ग्राउंड, म्हणजे एमसीजी. 1877 मध्ये जगातली पहिली कसोटी इथे झाली. 1992 चा विश्वचषक इम्रान खान यांनी इथेच उंचावला. ऑक्टोबर 2022 मध्ये विराट कोहलीने पाकिस्तानविरुद्ध नाबाद 82 धावा केल्या, त्या रात्रीही नव्वद हजार माणसे इथेच बसली होती. आपण टीव्हीवर पाहतो तो या मैदानाचा उन्हाळा. मार्च ते सप्टेंबर ते फुटीच्या ताब्यात असते. अंतिम सामन्याच्या आदल्या शुक्रवारी तर अख्ख्या व्हिक्टोरिया राज्याला सार्वजनिक सुट्टी असते.

एका शनिवारी नातवाने आम्हाला तिथे नेले. नेले म्हणण्याचे कारण असे, की रस्ता, गाडी, फाटक, जागा, सगळे त्याला तोंडपाठ. टार्नेटहून आगगाडीने सदर्न क्रॉस, तिथे गाडी बदलून रिचमंड स्टेशन. डब्यात अर्धी माणसे पिवळ्या-काळ्या पट्ट्यात. आजी-आजोबा, कडेवरची बाळे, कामाचे बूट न काढताच आलेले मजूर. लेकीने डब्यात शामी कबाब आणि पाव दिले होते. घरचे खाणे मैदानात न्यायला तिथे मनाई नाही, ही गोष्ट आम्हाला फार आवडली.

रिचमंड हे एके काळी कारखान्यांचे उपनगर. इथे कातडी कमावली जायची, बूट शिवले जायचे, मुरंबे आणि सॉस डब्यांत भरले जायचे. जवळच ब्रायंट अँड मे कंपनीचा आगपेट्यांचा कारखाना होता, त्याची लाल विटांची इमारत अजून उभी आहे. पेलॅको या शर्टांच्या कंपनीची जुनी विद्युत पाटी आजही छपरावर दिसते. कामगार बहुतेक गरीब आणि पुष्कळसे आयरिश वंशाचे. नंतर ग्रीक आले, मग व्हिएतनामी आले. व्हिक्टोरिया स्ट्रीटवर फिरताना आजही पाट्या व्हिएतनामी लिपीत दिसतात. आता मात्र तिथल्या छोट्या बैठ्या घरांच्या किमती ऐकून छाती दडपते. कामगार दूरच्या वस्त्यांत गेले. 1885 चा क्लब तेवढा जागेवर राहिला, आणि गेलेल्यांची मुले-नातवंडे शनिवारी आगगाडीने परत येतात. गिरणगावातून डोंबिवली-विरारला गेलेला माणूस गणपतीत किंवा ईदला जुन्या चाळीत येतो ना, तसेच.

स्टेशनातून बाहेर पडले की पंट रोडचे मैदान, तिथे रिचमंडचा सराव चालतो. पुढे यारा पार्कची झाडी आणि तिच्याआड एमसीजीची भिंत. मैदानाबाहेर खेळाडूंचे पुतळे उभे आहेत. शेन वॉर्न आहे, डेनिस लिली आहे, आणि केव्हिन बार्टलेटही आहे. आमच्या नातवाने आम्हाला वॉर्नपाशी थांबू दिले नाही, थेट बार्टलेटपाशी नेले. या गृहस्थांनी रिचमंडकडून 403 सामने खेळले आणि पाच अजिंक्यपदे मिळवली. पुढे ते प्रशिक्षक झाले. संघ हरू लागला आणि 1991 मध्ये क्लबने त्यांना काढून टाकले. ते इतके दुखावले, की नंतर कित्येक वर्षे क्लबच्या कार्यक्रमांना फिरकलेच नाहीत. घरातल्या कर्त्या माणसाला असे उंबऱ्याबाहेर केले की घराचे काय होते, ते रिचमंडने पुढे बरीच वर्षे भोगले.

1980 मध्ये रिचमंड अजिंक्य ठरला. त्यानंतर 37 वर्षे कोरडी गेली. 1983 पासून 2012 पर्यंतच्या 30 मोसमांत हा संघ बाद फेरीत पोहोचला फक्त दोनदा, 1995 आणि 2001 मध्ये. पहिल्या आठांना बाद फेरीत जागा मिळते, आणि हा संघ कितीदा तरी नेमका नववा यायचा. त्या शहरात 'रिचमंड' आणि 'नववा' हे शब्द एकत्र आले की लोक अजून हसतात. दर दोन-तीन वर्षांनी प्रशिक्षक बदलला जाई. या काळात दहाहून अधिक प्रशिक्षक आले आणि गेले. प्रत्येक जण आपली माणसे आणायचा, आधीच्याने घडवलेली पोरे बाहेर बसायची, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

2016 मध्ये संघ तेरावा आला. मोसमातला शेवटचा सामना तर सिडनीकडून 113 गुणांनी हरला. चाहते खवळले. प्रशिक्षक डेमियन हार्डविक यांना काढा, संचालक मंडळही बदला, अशी मागणी झाली. इथे एक फरक सांगितला पाहिजे. आपल्या आयपीएलचे संघ कंपन्यांच्या आणि धनिकांच्या मालकीचे असतात. रिचमंडसारखा क्लब सभासदांचा असतो. वर्गणी भरणारा सभासद संचालकांच्या निवडणुकीत मत देतो. त्यामुळे तिथला चाहता ग्राहकासारखा चिडत नाही, भाऊबंदासारखा चिडतो. 2016 मध्ये मंडळ उलथवण्याचा प्रयत्न खरोखरच झाला, पण तो फसला. त्या वेळी क्लबच्या अध्यक्षपदी पेगी ओनील होत्या. या स्पर्धेतल्या क्लबांच्या इतिहासातल्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष. त्यांच्या मंडळाने चुका शोधल्या, प्रशिक्षकाच्या हाताखालची माणसे बदलली, पण प्रशिक्षकाला काढले नाही. पुढच्याच वर्षी, 2017 मध्ये, एक लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर रिचमंडने ॲडलेडला 48 गुणांनी हरवून अजिंक्यपद घेतले. मग 2019 आणि 2020 मध्ये आणखी दोन. 2018 मध्ये क्लबचे सभासद एक लाखावर गेले. तिथल्या कुठल्याही क्लबने तोवर हा आकडा गाठला नव्हता.

आणि आता पुन्हा उतार. 2024 मध्ये 23 सामन्यांत फक्त दोन विजय आणि शेवटचा क्रमांक. अजिंक्यपदे मिळवणारे काही खेळाडू निवृत्त झाले, काही दुसऱ्या क्लबांत गेले. 2025 मध्ये पाच विजय मिळाले आणि 18 संघांत सतरावा क्रमांक आला. आम्ही होतो ते नेमके याच मोसमात.

आम्ही पाहिला तो सामनाही रिचमंड हरला. गुणांचा हिशेब सांगत बसत नाही. तिसऱ्या डावातच आमच्या पुढच्या रांगेतली माणसे घड्याळाकडे बघायला लागली होती. पण उठून फार थोडे गेले. बसून राहिले आणि बोलत राहिले. आम्हाला इंग्रजी कळत असले तरी त्यांचे उच्चार पटकन उमगत नाहीत, म्हणून जावई कानात सांगत होते. ऐकता ऐकता लक्षात आले, की तक्रारी दहा जणांच्या असल्या तरी मूळ दोन-तीनच आहेत.

एक म्हणत होता, जुन्यांना किती दिवस खेळवणार? त्यांनी आम्हाला अजिंक्यपदे दिली, आम्ही ऋणी आहोत, पण पाय थकले की थकले. दुसरा म्हणत होता, एवढी सगळी कोवळी पोरे एकदम उतरवलीत तर ती चिरडली जातील, चार जाणती माणसे हवीतच. तिसऱ्याचे म्हणणे, जो मागे बचावात चांगला खेळतो त्याला पुढे का टाकता? आणि चौथ्या तक्रारीवर मात्र सगळ्यांचे एकमत होते. राखीव संघात अमका पोरगा आठवड्यामागून आठवडे चांगला खेळतोय, त्याचे नाव यादीत का येत नाही?

आमच्या शेजारी एक वृद्ध बाई बसल्या होत्या. हाताने विणलेला पिवळा-काळा गळपट्टा, मांडीवर थर्मास. 1967 च्या अजिंक्यपदाच्या आधीपासून आपण येतो, असे त्यांनी सांगितले. त्यांना विचारले, इतक्या वर्षांत सवय नाही झाली का हरण्याची? त्या म्हणाल्या, "हरण्याचे काय, ते आम्हाला नवीन नाही. पण राखीव संघात चांगले खेळूनही वर घेणार नसाल, तर त्या पोराला सांगायचे काय? चांगले खेळ म्हणून?" हे वाक्य आम्हाला फार खोल वाटले. त्या बाईंचा राग पराभवावर नव्हता. ज्या नियमाने माणसे निवडता म्हणून सांगता, त्याच नियमाने निवडता का, एवढेच त्यांना विचारायचे होते.

तेवढ्यात मैदानात एका खेळाडूच्या हातून सोपा झेल सुटला. एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा असेल. आमच्या मागच्या रांगेतला एक गृहस्थ उभा राहून ओरडला, "तुला कुणी घेतला रे संघात? घरी जा!" आणखीही काही बोलला, ते इथे लिहिण्यासारखे नाही. आमचा नातू, जो आतापर्यंत सगळ्यांच्या वर आवाज काढून ओरडत होता, तो एकदम गप्प झाला. थोड्या वेळाने हळूच म्हणाला, "नाना, तो काय स्वतःहून आलाय का? त्याला घेतलंय ना कुणीतरी?"

बाईंनी विचारले, पोरगा काय म्हणतोय? जावयांनी इंग्रजीत सांगितले. बाई मागे वळल्या आणि त्या गृहस्थाला म्हणाल्या, "ऐकलेस का? यादी त्या पोराने लिहिलेली नाही. ज्यांनी लिहिली त्यांना विचार." गृहस्थ ओशाळून हसला. मग प्रशिक्षक बसतात त्या वरच्या काचेच्या खोलीकडे तोंड करून ओरडू लागला. आसपासचे सगळे हसले. आमचा नातूही हसला, पण त्या दिवशी तो पुन्हा कुठल्या खेळाडूचे नाव घेऊन ओरडला नाही.

आम्हाला त्याच्या गप्प होण्याचे कारण कळत होते. तो स्वतः वस्तीतल्या छोट्या क्लबच्या मुलांच्या संघात खेळतो. त्याच्या हातूनही चेंडू सुटतो. आणि आपले नाव, आपला रंग इतरांहून वेगळा आहे, याची जाण परदेशात वाढणाऱ्या मुलाला आपल्याला वाटते त्याहून लवकर येते. आज 'घरी जा' हे खेळाविषयी आहे, उद्या ते कशाविषयी असेल? हे त्याने विचारले नाही. पण आमच्या मनात आले.

चाहत्यांचा राग चुकीच्या माणसावर पडतो, याचे एक जुने उदाहरण रिचमंडमध्ये सगळे सांगतात. तिथे दर वर्षी नव्या मुलांची निवड होते. नियम असा, की तळाच्या संघाने पहिला मुलगा निवडायचा. शेवटच्या पंगतीला पहिला घास, असा हा न्याय. 2004 मध्ये रिचमंडकडे पहिली आणि चौथी निवड होती. चौथ्या क्रमांकावर त्यांनी रिचर्ड टॅम्बलिंगला घेतले. लगेच पाचव्या क्रमांकावर हॉथॉर्न क्लबने लान्स फ्रँकलिन नावाचा मुलगा घेतला. फ्रँकलिनने पुढे हजाराहून अधिक गोल केले, आणि त्याची गणना या खेळातल्या सर्वांत मोठ्या खेळाडूंत होते. टॅम्बलिंग हा वाईट खेळाडू नव्हता, शंभरावर सामने खेळला. पण त्याने चेंडू चुकवला की प्रेक्षकांना तो दिसेचना, दिसायचा तो न घेतलेला फ्रँकलिन. अठराव्या वर्षी त्याच्यासाठी दुसऱ्यांनी घेतलेला निर्णय तो पोरगा वर्षानुवर्षे पाठीवर वाहत होता.

मध्यांतरात आम्ही असरची नमाज पढून घेतली. एमसीजीमध्ये सर्व धर्मीयांसाठी प्रार्थनेची खोली आहे. तिथे आमच्यासोबत सफेत उभे राहिलेले दोन तरुण पिवळ्या-काळ्या पट्ट्यातले, तर एक जण विरुद्ध संघाच्या रंगात. सलाम फिरवल्यावर तिघे पुन्हा यादीवरच बोलू लागले.

तिथे बाशर हूली यांचे नाव निघाले नसते तरच नवल. हूली यांचे आई-वडील लेबनॉनचे. या स्पर्धेत उघडपणे दीन पाळत खेळलेला पहिला खेळाडू म्हणून त्यांची ओळख आहे. पण त्यांची कहाणी मुळात यादीची कहाणी आहे. सुरुवातीला ते एसेंडन क्लबमध्ये होते. चार मोसमांत त्यांना फक्त 26 सामने मिळाले. बाकीचा काळ राखीव संघात गेला. 2011 मध्ये ते रिचमंडला आले आणि तिथे दोनशेवर सामने खेळले. 2017, 2019 आणि 2020 ही तिन्ही अजिंक्यपदे त्यांच्या खात्यात आहेत. माणूस तोच, पाय तेच. फरक एवढाच, की एका ठिकाणी गुरुवारच्या यादीत नाव नसायचे आणि दुसऱ्या ठिकाणी असायचे. खेळत असतानाच त्यांनी मुस्लिम मुलांना या खेळात आणण्याचे काम सुरू केले. आमच्या नातवासारखी मुले आज हा खेळ आपला मानतात, त्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

दुसरे नाव निघाले मार्लियन पिकेटचे. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या मूळनिवासी समाजाचा हा माणूस. तरुणपणी त्याने तुरुंगवास भोगला. सुटल्यावर पुन्हा खेळू लागला, पण वर्षामागून वर्षे कुठल्याच मोठ्या क्लबने त्याला घेतले नाही. अखेर 27 व्या वर्षी, 2019 च्या मोसमाच्या मध्यावर, रिचमंडने त्याला घेतले. तो राखीव संघात खेळत राहिला. त्या संघाच्या अंतिम सामन्यात तोच सर्वोत्तम ठरला, आणि पुढच्याच आठवड्यात मुख्य संघाच्या अंतिम सामन्याच्या यादीत त्याचे नाव आले. आयुष्यातला पहिला सामनाच थेट अंतिम सामना! 1952 नंतर असे प्रथमच घडत होते. त्याने गोल केला आणि रिचमंड 89 गुणांनी जिंकला. आमच्या शेजारच्या बाई मागत होत्या ते नेमके हेच. त्यांना जिंकण्याची हमी नको होती. खाली राबणाऱ्याला वरचे दार उघडे आहे, एवढा भरवसा हवा होता.

निवडणाऱ्यांची बाजूही आहे. गॅलरीतून सगळे दिसत नाही. कुणाच्या मांडीचा स्नायू दुखावलेला असतो, कुणाच्या घरी आजारपण असते, कुणाला गोल करण्यापेक्षा समोरच्या एका खेळाडूला रोखण्याचेच काम दिलेले असते. 2024 च्या निवडीत रिचमंडने पहिल्या क्रमांकावर घेतलेला सॅम लेलर पुढच्या मोसमातले बरेच सामने दुखापतीमुळेच खेळू शकला नाही. यादीत नाव दिसले नाही की चाहता आधी निवडणाऱ्यांना बोल लावतो. सध्याचे प्रशिक्षक ॲडेम ऊझ हे अल्बानियन वंशाचे, शेपर्टन गावाकडचे. या गावात अल्बानियन कुटुंबांनी 1960 च्या सुमारास मशीद बांधली, ती व्हिक्टोरिया राज्यातली पहिली मशीद मानली जाते. ऊझ स्वतः मेलबर्न क्लबकडून सलग दोनशेहून अधिक सामने खेळले आहेत, एकदाही यादीबाहेर न जाता. अशा माणसालाही आज दर आठवड्याला कुणाला तरी 'तू बाहेर' असे सांगावे लागते. त्यांना ते सोपे जात असेल असे वाटत नाही.

पण म्हणून चाहत्यांनी विचारूच नये का? आम्हाला तसे वाटत नाही. 37 वर्षे जे लोक हरणाऱ्या संघाची वर्गणी भरत राहिले, त्यांना विचारण्याचा हक्क आहे. 1990 मध्ये क्लब कर्जात बुडाला, तेव्हा याच लोकांनी रस्त्यावर डबे फिरवून, पैसा पैसा जमवून तो वाचवला. प्रश्न आहे तो कुणाला विचारायचा आणि कसा विचारायचा याचा. निवडणाऱ्याने कारण सांगावे. कारण सांगितले नाही की माणूस स्वतःच कारणे रचू लागतो. वशिला असेल, आकस असेल, डोळे मिटून बसले असतील, असे वाटू लागते. आणि तो संशय शेवटी मैदानातल्या पोरावर फुटतो. गावच्या क्रिकेट संघापासून जमातीच्या कमिटीपर्यंत आणि घरात कोणत्या मुलाला पुढे शिकवायचे इथपर्यंत आपणही याद्या लिहीतच असतो. त्यातले 'बाहेर' गेलेले नाव कारण ऐकायला दारात उभे असते.

वाचकांपैकी कुणी लेका-लेकीकडे मेलबर्नला जाणार असतील, तर हिवाळ्यात एक सामना जरूर पाहा. गरम कपडे न्या, डबा न्या. नमाजची चिंता करू नका. आणि नातवंडाचा क्लब कोणता ते आधी विचारून घ्या, नाहीतर चुकीच्या रंगाचा स्वेटर घालून जाल.

परतण्याआधीच्या एका रविवारी सकाळी आम्ही नातवाचा सामना पाहायला गेलो. वस्तीतले छोटे मैदान, दवाने ओले गवत, कडेला घड्या घालायच्या खुर्च्यांवर आई-बाप. मुलांना शिकवणारे गृहस्थ धंद्याने प्लंबर आहेत, हे काम फुकट करतात. सामन्याआधी त्यांनी एका पांढऱ्या फळ्यावर नावे लिहिली. नातवाचे नाव पहिल्या डावात बाहेर बसणाऱ्यांत होते. त्याचा चेहरा पडला. ते गृहस्थ गुडघ्यावर बसले आणि त्याला म्हणाले, "मागच्या आठवड्यात पहिल्या डावाला हा बसला होता, आज तुझी पाळी. दुसऱ्या डावात तू मध्ये खेळशील."

नातवाने मान हलवली. अंगात जॅकेट चढवले, बाकावर जाऊन बसला, आणि पूर्ण डावभर आपल्या जागी खेळणाऱ्या मुलाच्या नावाने ओरडून ओरडून त्याला हुरूप देत राहिला.